सांधा बदलायचा ठरवण्याआधी

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलून त्यांना घरी आणलं, त्या संध्याकाळी आमच्या लाइनीतली निम्मी माणसं बघायला येऊन गेली. प्रत्येकाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले. "कितीला पडला?" आणि "कंपनी कोणती?" घरात नवा फ्रीज आल्यासारखे. तिसरा प्रश्न एकाच माणसाने विचारला. जे. सी. मिलच्या विणकाम खात्यात उभं आयुष्य काढलेले शेजारचे काका खुर्चीवर टेकले, स्वतःचा गुडघा चोळत म्हणाले, "वहिनी, वाकतो किती?"

विचारायचं ते हेच. पण ऑपरेशन ठरवताना आपण सगळे पहिल्या दोन प्रश्नांतच अडकतो, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर जे विचारायला हवं ते घरी परतताना टेम्पोत आठवतं.

आमचं बिर्लानगर ही ग्वाल्हेरमधली गिरणीची वस्ती. मिल १९९२ मध्ये बंद पडली, पण आठ-आठ तास मागापुढे उभी राहिलेली पिढी अजून इथेच आहे. आणि त्यांच्या बायका, ज्यांनी तितकीच वर्षं उकिडवं बसून भांडी घासली, धुणी धुतली. हजिऱ्याच्या बाजारात दहा मिनिटं उभे राहा, डाव्या-उजव्या बाजूला डुलत चालणारी माणसं मोजता येणार नाहीत. शहराच्या लष्कर भागातल्या नातेवाइकांचेही फोन येतात, निंबाळकर की गोठमधून, जनकगंजातून. "तुमच्याकडे झालंय ना, जरा सांगा." मी डॉक्टर नाही. सासूबाईंचे दोन गुडघे आणि दिरांचा एक खुबा, अशा तीन ऑपरेशनांच्या वेळी फाईल छातीशी धरून बाहेर बसलेली बाई आहे. त्यात जे कळलं, विचारून घेतलं, वाचलं, ते इथे सांगते. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

काय कापतात, काय बसवतात

"गुडघा बदलणं" या शब्दानेच लोक निम्मे गळतात. आतला सगळा सांधा उपसून तिथे यंत्र बसवतात असं वाटतं. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवरचा खराब झालेला थर तेवढा काढतात, साधारण ८ ते १० मिलिमीटर. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची चकती, आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची गादी. किडलेला दात घासून त्यावर कॅप बसवावी तसं. गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला काही डॉक्टर प्लास्टिकचं बटण बसवतात, काही बसवत नाहीत. दोन्ही पद्धती रूढ आहेत. मांडीचे स्नायू, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे बंध, कातडी, नसा सगळं तुमचंच राहतं. ऑपरेशननंतर व्यायाम का करायचा, याचं उत्तर यातच आहे. टोपी नवी असली तरी ती हलवणारे स्नायू तेच जुने, वर्षानुवर्षं दुखण्याच्या भीतीने न वापरलेले.

टोपी बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते, चकती टायटेनियमची किंवा त्याच मिश्रधातूची. हाडाला ती चिकटते हाडांच्या सिमेंटने. हे बांधकामाचं सिमेंट नव्हे, एक प्रकारचं ॲक्रिलिक असतं आणि दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. मधली गादी पॉलिएथिलीनची. सांध्याचं आयुष्य पुष्कळसं या गादीवर आणि संसर्ग होतो की नाही यावर ठरतं.

या प्लास्टिकची गोष्ट बिर्लानगरच्या माणसाने ऐकावी अशीच आहे. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन इथल्या रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे सर्जन कृत्रिम खुब्यावर काम करत होते. सांध्याची खोबण त्यांनी आधी टेफ्लॉनची केली. रुग्ण चालायला लागले, सगळे खूश. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा आत साठला आणि त्याच माणसांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. १९६२ मध्ये एक विक्रेता जर्मनीत तयार झालेल्या नव्या प्लास्टिकचा नमुना घेऊन तिथे आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांची दातेरी चाकं त्या प्लास्टिकची केलेली होती. चार्नलींना त्यात काही दम वाटला नाही. त्यांच्या कार्यशाळेतला हॅरी क्रेव्हन नावाचा कारागीर मात्र गप्प बसला नाही; त्याने तो तुकडा झिजेच्या यंत्रावर चढवून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकंही ते तीन आठवड्यांत झिजलं नाही. त्या नोव्हेंबरपासून चार्नलींनी ते खुब्यात वापरायला सुरुवात केली, आणि आजच्या गुडघ्यातली गादी त्याच प्लास्टिकची सुधारलेली आवृत्ती आहे.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे आमच्याच खात्यातला माल!"

कधी करायचं

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. काहीजण एक्स-रे बघून घाबरतात आणि घाई करतात. एक्स-रेवर झिजेच्या चार पायऱ्या मोजतात; "चौथी आहे" म्हटलं की घरात रडारड. पण चौथ्या पायरीचा एक्स-रे घेऊन रोज भाजी आणायला जाणारी माणसं आहेत, आणि दुसऱ्या पायरीवर कळवळणारीही. ऑपरेशन एक्स-रेचं करायचं नसतं. स्वतःला विचारा: रात्री दुखण्याने झोपमोड होते का? न थांबता किती चालता येतं, गल्लीच्या टोकापर्यंत तरी? पायऱ्या, अंघोळ, संडास यांतलं काय सोडून द्यावं लागलंय? वजन उतरवणं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठी, गोळ्या हे सगळं तीन-सहा महिने मनापासून करून झालंय का? मनापासून म्हणजे खरंच. "फिजिओ केली, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती चार दिवस केलेली असते.

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, हेही लक्षात ठेवा. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडांमधली फट फसवी मोठी दिसते.

उलट चूक तितकीच महाग. पाय धनुष्यासारखा वाकेपर्यंत, गुडघा सरळच होईनासा होईपर्यंत माणसं थांबतात. आमच्या सासूबाईंनी "दत्तजयंती होऊ दे, मग संक्रांत होऊ दे" करत डाव्या गुडघ्यासाठी चार वर्षं काढली. तोपर्यंत मांडी काडीसारखी झाली होती. दुखण्याची गोळी रोज घेत राहिल्याने मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच. आणि झिजलेली कूर्चा पुन्हा उगवून देणारं, खात्रीने सिद्ध झालेलं इंजेक्शन आजतरी नाही. तशी जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच ठेवा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत ते घेतलं तर संसर्गाचा धोका वाढतो. एखाद्या दवाखान्यात टोचून घेतलं असेल तर सर्जनला सांगाच, लाजू नका.

दुसरं मत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शहरात गजराराजा मेडिकल कॉलेजला जोडलेलं जयारोग्य रुग्णालय आहे. तिथल्या हाडांच्या ओपीडीत रांग लागते, पण तिथल्या डॉक्टरला तुम्हाला कोणतं पॅकेज विकायचं नसतं.

दोन्ही एकदम की एकेक

ग्वाल्हेरकरांना गुडघाबदल ही गोष्ट कळली ती आपल्याच माणसामुळे. शिंदे की छावणीत जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. ऑपरेशन केलं न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी, ते मूळचे मध्य प्रदेशातलेच. त्याआधी "गुडघे दुखतात" म्हणजे तिळाच्या तेलाचं मालिश आणि उन्हात बसणं, इतकीच कल्पना इथे होती.

त्या दोन तारखांमधलं अंतर बघा, आठ महिने. आजही हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. दोन्ही गुडघे एकाच दिवशी केले तर भूल एकदा, रुग्णालयाचा मुक्काम एकदा, खर्च थोडा कमी. पण शरीरावरचा ताण मोठा. हृदयविकार, फुप्फुसाचा त्रास, उतारवय, जास्त वजन असेल तर बहुतेक डॉक्टर एकेक करायला सांगतात. शिवाय एक साधी गोष्ट: एकच गुडघा केला तर दुसऱ्या पायावर भार देऊन माणूस संडासला तरी जातो. घरात करायला कोण आहे, हेही या निर्णयात धरा. मुलगा पुण्याला आणि सून कामावर, अशा घरात दोन्ही पाय एकदम बांधून बसणं सोपं नसतं.

सोन्याचा गुडघा, रोबोचा गुडघा

आता कंपनीबद्दल. बाजारात नावं पुष्कळ आहेत, देशी आणि परदेशी. नावाजलेल्या कंपन्यांच्या साध्या गुडघ्यांमध्ये रुग्णाला जाणवेल असा फरक फारसा नसतो. फरक पडतो तो बसवणाऱ्याच्या हाताने आणि त्या हाताच्या सवयीने. म्हणून "कोणता बसवता?" याच्याआधी "वर्षाला किती बसवता?" हे विचारा. सर्जन ज्या एका प्रकारावर वर्षानुवर्षं काम करतोय तोच त्याला करू द्यावा. तुम्ही हट्ट धरून दुसरा मागवलात तर तो तुमच्यावर शिकणार.

सोनेरी गुडघा म्हणून जो मिळतो त्यात सोनं नसतं. धातूवर टायटेनियमच्या संयुगाचा सोनेरी मुलामा असतो. धातूची ॲलर्जी असलेल्यांसाठी तो सुचवतात. नकली दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडीवर पुरळ उठत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बाकीच्यांनी रंगाचे पैसे देण्याचं कारण नाही. "हाय-फ्लेक्स" म्हणजे जास्त वाकणारा गुडघा. त्याचा प्रत्यक्षात फार फायदा दिसून आलेला नाही. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे सर्वांत जास्त ठरतं ते आधी किती वाकत होता यावर. रोबोच्या मदतीने हाडाचा काप अचूक घेता येतो, पण त्यामुळे गुडघा जास्त वर्षं टिकतो हे अजून ठामपणे सिद्ध व्हायचं आहे. चांगल्या सर्जनकडे रोबो असेल तर उत्तम. रोबो आहे म्हणून सर्जन चांगला, असं धरू नका.

पैशांचं सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या गुडघ्यासाठी ५४,७२० रुपये आणि टायटेनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये, वर जीएसटी. त्याआधी हेच गुडघे दीड-दोन लाखांना लावले जात. आदेशाला मुदतवाढ मिळत गेली आहे, तेव्हा ऑपरेशनच्या वेळी चालू कमाल किंमत किती आहे ते विचारून घ्या. त्याच आदेशाप्रमाणे रुग्णालयाने बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा असतो. मात्र पॅकेजचा आकडा यावर थांबत नाही. खोली, सर्जन, भूल, सिमेंट, "कन्झ्युमेबल्स" या शीर्षकाखाली बरंच काही चढतं. लेखी, तपशीलवार अंदाजपत्रक आधी मागा. आणखी एक: ही मर्यादा गुडघ्याला आहे, खुब्याला अशी कमाल किंमत बांधलेली नव्हती.

आयुष्मान कार्ड असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आधी मंजुरी घेऊन हे ऑपरेशन बसू शकतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रुग्णालयात बसणाऱ्या आयुष्मान मित्राला पॅकेजचं नाव आणि मंजूर रक्कम विचारा, आणि वर पैसे मागितले तर त्याची पावती मागा. खासगी विमा असेल तर सांधेबदलासाठी दोन-तीन वर्षं थांबण्याची अट त्यात असते. पॉलिसी घेतली आणि सहा महिन्यांत गुडघा केला, असं होत नाही.

फाईलमधलं स्टिकर

माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटी चिकट स्टिकरं येतात. टोपीचं वेगळं, चकतीचं वेगळं, गादीचं वेगळं, सिमेंटचं वेगळं. त्यावर कंपनीचं नाव, भागाचं नाव, माप, डावा की उजवा, कॅटलॉग क्रमांक, लॉट नंबर आणि मुदत छापलेली असते. ऑपरेशन थिएटरात ती सोलून केसपेपरवर चिकटवतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावरही ती हवीत. सासूबाईंचा पहिला गुडघा दिल्लीतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात केला. घरी येऊन कार्ड बघितलं तर त्यावर फक्त "टोटल नी इम्प्लांट, एक". फोन केला, "रेकॉर्ड सेक्शनला विचारा." रेकॉर्ड सेक्शन म्हणालं, "वॉर्डला विचारा." शेवटी टाके काढायला गेलो तेव्हा पुतण्या अर्ज लिहून काउंटरसमोर अडीच तास बसून राहिला आणि चार स्टिकरांची झेरॉक्स घेऊनच उठला. फोनवर फोटोही काढला.

इतकी धडपड कशासाठी? खुब्याच्या एएसआर प्रकरणामुळे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डिप्यू कंपनीचा हा खुबा, गोळाही धातूचा आणि खोबणही धातूची. प्लास्टिक नाही, म्हणजे झिजणार नाही, अशी कल्पना. पण धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटत गेले, आजूबाजूचं मांस खराब झालं, रक्तात कोबाल्ट वाढलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तोवर साधारण ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत तक्रार नोंदवली, केंद्राने समिती नेमली, २०१८ मध्ये नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण त्या ४,७०० पैकी पत्ता लागला तो हजाराच्या आसपास माणसांचा. बाकीच्यांच्या शरीरात काय बसवलंय हे त्यांना स्वतःलाच माहीत नसणार. रुग्णालयाने नोंद ठेवली नाही, घरच्यांनी मागितली नाही, कुणाची फाईल घर बदलताना रद्दीत गेली.

ऑस्ट्रेलिया, फिनलंडसारख्या देशांत प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही असते. त्या नोंदींवरूनच २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला गेला की २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के गुडघे आणि ५८ टक्के खुबे जागेवर टिकून असतात. "पंधरा वर्षांनी परत करावं लागतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या शेजाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. आपल्याकडे सगळ्या रुग्णालयांना बंधनकारक अशी नोंदवही नाही. म्हणून तुमची नोंदवही म्हणजे तुमची फाईल. स्टिकर, ऑपरेशन नोट, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, तपशीलवार बिल. पुढे कधी गादी बदलायची वेळ आली तर सर्जनला त्याच मापाची, त्याच जातीची गादी लागते. तेव्हाही हेच स्टिकर शोधतात.

खुब्याचं थोडं वेगळं

गुडघा हा बहुतेक साठीनंतरचा पाहुणा. खुबा मात्र पस्तिशीतल्या माणसाचाही जातो. खुब्याच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा तुटला की तो आतून ढासळतो. दारू, आणि दम्यासाठी, कातडीसाठी किंवा ताकदीच्या नावाखाली घेतलेली स्टेरॉइडं ही त्याची मोठी कारणं. माझे दीर बेचाळिसाव्या वर्षी "मांडीच्या सांध्यात लचक भरली" म्हणत सात महिने मालिश करून घेत होते. जांघेत दुखतं, पाय आत वळवला की कळ जाते, मांडी घालून बसता येत नाही, अशी लक्षणं असतील तर एमआरआय करून घ्या. साध्या एक्स-रेवर हा आजार सुरुवातीला दिसतच नाही, आणि सुरुवातीला पकडला तर कधी सांधा वाचवता येतो.

वयस्कर माणूस मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं तर कथा निराळी. तिथे विचार करायला महिने नसतात. ऑपरेशन शक्य तितकं लवकर, एक-दोन दिवसांत व्हावं. अंथरुणावर पडून राहण्याने छातीत कफ आणि पाठीला जखमा होतात, आणि माणूस त्यानेच जातो. सांधा बदलायचाच झाला तर बहुतेक वेळा तिथे अर्धाच बदलतात, फक्त गोळा, खोबण तीच ठेवून.

पूर्ण खुब्यात मांडीच्या हाडात दांडा, त्यावर गोळा, कमरेच्या हाडात खोबण आणि खोबणीत अस्तर असे चार भाग असतात. तरुण रुग्णांना सिरॅमिकचा गोळा आणि चांगल्या प्लास्टिकचं अस्तर सुचवतात, कारण झीज कमी. धातूचा गोळा असेल तर "अस्तर कशाचं?" हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. खुब्याची खास भीती म्हणजे सांधा निखळणं. पहिले दोन-तीन महिने पायावर पाय टाकू नये, बुटक्या स्टुलावर बसू नये, जमिनीवरची चप्पल वाकून उचलू नये. अचानक असह्य कळ आली, पाय आखूड दिसला आणि तळवा बाहेर किंवा आत वळला, तर सांधा निखळला असं समजून थेट रुग्णालय गाठा.

घर आधी तयार करा

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. किडका दात, लघवीचा संसर्ग, पायावरची चिघळलेली जखम, नखात भरलेला पू, काहीही आधी बरं करून घ्या. जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसतात आणि तिथून हुसकावणं फार कठीण असतं. तंबाखू-गुटखा महिनाभर आधी बंद. इथे ही सर्वांत अवघड अट आहे, मला माहीत आहे.

मग घर. लाइनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये संडास अंगणापलीकडे, दोन पायऱ्या उतरून, आणि भारतीय पद्धतीचा. आम्ही त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची घेतली, भिंतीला लोखंडी दांडा ठोकला आणि पायऱ्यांच्या जागी मिस्त्रीकडून उतार करून घेतला. हे सगळं ऑपरेशनच्या आधी. पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी उचला. पलंग मांडीच्या उंचीचा हवा. वॉकरने चालण्याचा सराव आधीच करा. भूल उतरलेल्या, घाबरलेल्या माणसाला तो पहिल्यांदा हातात देऊ नये.

आणि गाव निवडताना टाके काढण्यापलीकडचा विचार करा. दिल्लीला केलं तर दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी पुन्हा जायचं असतं. मध्येच रात्री जखमेतून पाणी आलं तर तीनशे किलोमीटरवरचा नामवंत सर्जन उपयोगाचा नसतो. इथे कोण बघणार, ते नाव आधी ठरवून ठेवा.

वाकतो किती

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, उभं करतात. तेव्हा वाटतं, चला, झालं. खरं काम त्यानंतर सहा आठवडे. गुडघा पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि इथेच घरोघरी एक चूक होते: मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात. नका ठेवू. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत गुडघा आखडतो आणि कायमचा तसा राहतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. तीच टाच टेकवून गुडघा खाली दाबायचा, दहापर्यंत मोजायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पलंगावर टाच सरकवत पाय जवळ ओढायचा. दिवसातून तीन-चारदा, व्यायामाआधी गोळी आणि नंतर बर्फ. दुखणारच.

मालिशवाल्याला मात्र दारातूनच परत पाठवा. पोटरीच्या नसेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी सुजून कडक झाली, धाप लागली, छातीत दुखलं तर मिनिटही घालवू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यातलं काही दिसलं की ऑपरेशन केलेल्या डॉक्टरलाच दाखवा; कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणून झाकू नका. बाकी गुडघ्याला तीन-चार महिने उबदारपणा आणि सूज राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना टकटक आवाज येतो. हे चालायचंच.

आणि सगळं नीट झालं तरी पाचातला एखादा रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं पुष्कळांना पुन्हा जमत नाही, डॉक्टरही नको म्हणतात. सासूबाईंना गौरीच्या पंगतीत खुर्चीवर बसावं लागलं तेव्हा त्या पहिल्या वर्षी जेवल्याच नाहीत नीट. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर डॉक्टरने फसवलं असं वाटत नाही.

आमच्याकडे वाकणं मोजायचं काम नातवाकडे होतं. कंपासपेटीतला कोनमापक आजीच्या गुडघ्याला लावून तो रोज संध्याकाळी आकडा कॅलेंडरवर लिहायचा. चौथ्या दिवशी ६०. पंधराव्या दिवशी ८८, त्यावर आजी-नातवाचं भांडण, कारण डॉक्टरांनी ९० सांगितले होते आणि आजीचं म्हणणं होतं की याचा कोनमापकच वाकडा आहे. सहाव्या आठवड्याच्या चौकोनात ११२ लिहिलेलं आहे. ते कॅलेंडर फाईलमध्ये ठेवलंय, स्टिकरांच्या झेरॉक्सच्या मागे.